मेजवानीतील खुर्ची

उर्दूत बसारत आणि बसीरत असे दोन शब्द आहेत. बसारत म्हणजे डोळ्यांची नजर, बसीरत म्हणजे अंतःकरणाची. हा फरक वर्गात समजावताना आम्हाला शेक्सपिअरचे ‘मॅकबेथ’ हमखास आठवते. मराठी वाचकाला ते वि. वा. शिरवाडकरांच्या ‘राजमुकुट’मुळे परिचित आहे.

मॅकबेथ हा काल्पनिक राजा नव्हे. त्याने १०४० ते १०५७ या काळात स्कॉटलंडवर राज्य केले. शेक्सपिअरने कथा होलिन्शेडच्या बखरीतून घेतली. पण मेजवानीत येणारे बँकोचे भूत त्या बखरीत नाही. ती नाटककाराची भर.

ही भर का पडली? नाटक सुमारे १६०६ चे. त्या वेळी तख्तावर पहिला जेम्स होता. १५९७ मध्ये त्याने स्वतः चेटूकविद्येवर ग्रंथ लिहिला होता आणि १६०४ मध्ये चेटकाविरुद्ध कडक कायदा झाला होता. शिवाय त्याचे स्टुअर्ट घराणे आपले मूळ बँकोपर्यंत नेत असे. म्हणून नाटकात मारला गेलेला बँको थेट मॅकबेथच्याच खुर्चीत येऊन बसतो. सायमन फोरमन याने १६११ मध्ये ग्लोब नाट्यगृहातील प्रयोग पाहिला आणि हा प्रसंग आपल्या टिपणात नोंदवला.

पुढे काळ बदलला. १७३५ च्या कायद्याने चेटूक हा खरा गुन्हा मानणे बंद झाले. १७९४ मध्ये ड्रुरी लेन येथे केम्बलने भूत रंगमंचावरून हटवून खुर्ची रिकामीच ठेवली. भूत म्हणजे अपराधी मनाचा भास, हा त्यामागचा विचार.

आमच्या मते या एका बदलाने प्रेक्षकाची जागाच बदलते. भूत दिसले तर आपण खुन्याच्या नजरेने सत्य पाहतो. खुर्ची रिकामी असेल तर आपण सरदारांच्या पंगतीत बसतो. त्या सरदारांची बसारत शाबूत होती. तरी राजाची प्रकृती बरी नाही, एवढेच त्यांनी मानले. काहीच न दिसलेली लेडी मॅकबेथ पुढे उघड्या डोळ्यांनी झोपेत चालते आणि स्वच्छ हातांवर रक्त पाहते.

मॅकबेथला बसीरत मिळाली, पण खुर्ची काही त्याच्याने सोडवली नाही. शोकांतिका इथेच आहे. ‘सर, भूत खरे होते का?’ असे मुले विचारतात. आम्ही उलट विचारतो, ‘खून खरा होता ना? मग तो दिसला किती जणांना?’