खानदेशचें खापर

प्रांताचा इतिहास शोधावयाचा तर आपण ताम्रपट व बखरी धुंडाळतों. पायांखालचें खापर कोणी उचलून पाहत नाहीं. वस्तुतः खानदेशचा सर्वांत जुना इतिहास या खापरांनींच राखला आहे.

जुन्या धुळें जिल्ह्यांतील तापीकाठच्या सावळदा गांवावरून ज्या मृत्पात्रांस नांव मिळालें, तीं सुमारें चार हजार वर्षांपूर्वींचीं असून त्यांवर शस्त्रें व प्राणी चितारलेले आढळतात. पुढें जोर्वे पद्धतीचीं तांबडीं, पातळ, टिचकी मारतांच खणखणणारीं भांडीं आलीं. १९५५ सालीं बी. के. थापर यांनीं प्रकाशें येथें उत्खनन केलें, तेव्हां या नक्षीदार भांड्यांच्या थरांवर लोहयुगांतील काळीं-तांबडीं भांडीं आणि उत्तर हिंदुस्थानांतील झिलईदार काळ्या पात्रांचे तुकडेहि निघाले. नक्षी लोपली, रंग पालटला, परंतु चाक फिरतच राहिलें. अभिरुचि बदलली म्हणून कला मरते, हा समज या थरांनींच खोटा ठरविला आहे.

अर्वाचीन काळीं तांब्यापितळेनें, मागाहून अॅल्युमिनियमनें व पोलादानें कुंभाराचें स्वयंपाकघर हिरावून घेतलें. १९६८ मध्यें भुसावळजवळ दीपनगरचें औष्णिक वीजकेंद्र सुरू झालें. जिचें नांवच दिव्यांवरून पडलें, त्या वसाहतीच्या विजेनें पणती सणापुरती उरली आणि शीतकपाटानें माठाची जागा घेतली. तरीहि मांडे भाजण्यास पालथें खापरच लागतें, आणि आखाजीस पितरांसाठीं मातीचीच घागर भरली जाते. जेथें धातु पर्याय होऊं शकत नाहीं, तेथें माती टिकली आहे.

उरलेल्या वेळांत पुष्कळ कुंभार विटांकडे वळले. तेथेंहि काळानें गांठलेंच! औष्णिक केंद्रापासून ५० किलोमीटरांच्या आंत मातीच्या विटांत निदान २५ टक्के राख मिसळावी, असा नियम १९९९ सालीं केंद्र सरकारनें केला. मातींत लीद व राख कालविणाऱ्या कुंभारास राखेचें नावीन्य नाहीं. खरी चिंता निराळीच आहे: वीट साच्यांत पडते, तिला चाक लागत नाहीं. विटेनें कुटुंबाचें पोट भरेल. पण बोटांतील जी विद्या बापाकडून मुलाकडे आली, ती चाकावांचून एका पिढींत विसरली जाईल. चार हजार वर्षांत घाट बदलले, गिऱ्हाइकें बदललीं. चाक मात्र प्रथमच थांबूं पाहत आहे. तें फिरतें राहावें असें वाटत असेल, तर नुसती हळहळ पुरेशी नाहीं. खापराची व घागरीची योग्य किंमत आपण मोजली पाहिजे.