पॉलिमर मेमरी

विजेच्या साहाय्याने लिहिलेली माहिती पॉलिमरच्या पातळ थरात साठवणारी इलेक्ट्रॉनिक साधने. फ्लॅश मेमरीत माहिती अडकवलेल्या इलेक्ट्रॉनांच्या रूपाने टिकते. पॉलिमर मेमरीत ती रेणूंच्या ध्रुवीकरणात, थराच्या विद्युतरोधात किंवा थरात अडकलेल्या विद्युतभारात राहते. अनेक पॉलिमर द्रावकात विरघळतात, त्यांचा लेप देता येतो किंवा ते छापता येतात. त्यासाठी सिलिकॉन चिपसारखी अतितप्त भट्टी लागत नाही, त्यामुळे लवचीक प्लास्टिकवरही मेमरी तयार होते. या द्रव्यांचे खरे महत्त्व इथेच आहे. वेगात किंवा क्षमतेत ती सिलिकॉनची बरोबरी करत नाहीत.

सर्वांत सखोल अभ्यास झालेले द्रव्य म्हणजे पॉलिव्हिनिलिडीन फ्लोराइड. दाबल्यावर त्यात वीज निर्माण होते, हे जपानी संशोधक हेइजी कावाई यांनी १९६९ मध्ये दाखवले. त्याच्या साखळीत एका कार्बनवर दोन हायड्रोजन, तर पुढच्यावर दोन फ्लोरीन अणू असतात. फ्लोरीनकडे ऋणभार ओढला जात असल्याने प्रत्येक घटकाला द्विध्रुव मिळतो. ‘बीटा’ रूपात साखळी सरळ नागमोडी असते, सर्व फ्लोरीन एकाच बाजूला येतात आणि द्विध्रुवांची बेरीज होते. पुरेसे तीव्र विद्युतक्षेत्र उलट दिशेने लावले की साखळ्या स्वतःभोवती फिरतात आणि ध्रुवीकरण पालटते. क्षेत्र काढून घेतल्यावरही नवी दिशा टिकते. एक दिशा म्हणजे ०, दुसरी म्हणजे १.

अडचण अशी की वितळलेले पॉलिमर थंड होताना बहुधा ‘अल्फा’ रूप धरते. त्यात शेजारच्या साखळ्यांचे द्विध्रुव एकमेकांना रद्द करतात. फिल्म ताणून बीटा रूप मिळते; पण इलेक्ट्रोडवर चढवलेला अतिपातळ थर ताणता येत नाही. साखळीत ट्रायफ्लुओरोएथिलीनचे घटक मिसळल्यावर हा प्रश्न सुटला. जादा फ्लोरीनमुळे साखळीला सरळ रूपच सोयीचे ठरते आणि द्रावणातून थेट ध्रुवीकरणक्षम थर मिळतो. ध्रुवीकरण पालटण्यासाठी दर मायक्रोमीटर जाडीला सुमारे ५० व्होल्ट लागतात, म्हणजे १०० नॅनोमीटरच्या थराला सुमारे ५ व्होल्ट. थर याहून फार पातळ केल्यास स्फटिकांची वाढ खुंटते.

अशा थराचे कपॅसिटर केल्यास वाचताना माहिती पुसली जाते, कारण ध्रुवीकरण पालटते का हे पाहूनच ती कळते; म्हणून ती पुन्हा लिहावी लागते. हाच थर ट्रान्झिस्टरच्या गेटखाली ठेवला तर माहिती न पुसता वाचता येते. नेदरलँड्समधील नाबर, ब्लोम, डे लेऊव आदींनी २००५ मध्ये द्रावणातून बनवलेले असे कार्यक्षम ट्रान्झिस्टर सादर केले. पॉलिस्टायरीनच्या जातीच्या विद्युतरोधक पॉलिमरांत भार अडकवूनही ट्रान्झिस्टर मेमरी साधते.

दुसऱ्या वर्गात दोन इलेक्ट्रोडांमधील पॉलिमरचा रोध बदलतो. इलेक्ट्रॉन देणारे आणि घेणारे गट एकाच साखळीत बसवलेली पॉलिइमाइडे उष्णतेला चांगली टिकतात. रचनेनुसार त्यांची मेमरी वीज जाताच पुसली जाणारी किंवा कायमची होते. पेडॉट-पीएसएस या वाहक पॉलिमरचा थर मोठ्या प्रवाहाने कायमचा अवाहक होतो. त्यावर आधारलेली एकदाच लिहायची आणि कितीही वेळा वाचायची मेमरी २००३ मध्ये मांडली गेली. या वर्गातील निष्कर्ष मात्र सावधपणे तपासावे लागतात. पुष्कळदा रोध पालटतो तो इलेक्ट्रोडमधून थरात शिरलेल्या धातूच्या सूक्ष्म तंतूमुळे, आणि श्रेय मिळते पॉलिमरला.

उष्णता ही फेरोइलेक्ट्रिक, म्हणजे पालटता येणारे ध्रुवीकरण टिकवणाऱ्या, पॉलिमरांची मोठी मर्यादा आहे. घटकांच्या प्रमाणानुसार साधारण ७० ते १४० अंश सेल्सिअसच्या क्यूरी तापमानाला ध्रुवीकरण नाहीसे होते. ध्रुवीकरण वारंवार पालटल्यानेही ते क्षीण होत जाते. व्यापारी वापर त्यामुळे छापील लेबलांसारख्या, थोडीच माहिती लागणाऱ्या वस्तूंपुरता राहिला. नॉर्वेच्या थिन फिल्म इलेक्ट्रॉनिक्स कंपनीने फेरोइलेक्ट्रिक पॉलिमर वापरून २० बिटांची छापील मेमरी तयार केली होती.