मुसीचा महापूर आणि धरणाची जागा

उर्दू शायरी शिकवताना अमजद हैदराबादींचे नाव आले की 28 सप्टेंबर 1908 ही तारीख सांगावीच लागते. त्या दिवशी हैदराबादेत मुसी नदीला आलेल्या पुराने या शायराची आई, बायको आणि मुलगी नेली. रमजानचे पहिलेच दिवस होते. मृतांचा आकडा सुमारे 15 हजार सांगितला जातो. अफजलगंजच्या दवाखान्यातल्या चिंचेच्या झाडावर चढलेले दीडशेच्या आसपास लोक तेवढे वाचले.

सहावे निझाम मीर महबूब अली खान यांनी नदी शांत व्हावी म्हणून तिची पूजा केली, असे हैदराबादेत आजही सांगतात. सलोख्याची गोष्ट म्हणून आपण ती आवडीने एकमेकांना पाठवतो. पण पूर ओसरल्यावर झालेले काम मला त्याहून मोलाचे वाटते. मराठवाडा तेव्हा याच संस्थानात होता, म्हणून तो आपलाही इतिहास आहे.

निझाम सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना बोलावले. पुण्यात शिकलेले आणि मुंबई इलाख्यात नोकरी केलेले हे अभियंते 1909 मध्ये हैदराबादेत आले. शहराला पुरापासून कसे वाचवायचे, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. त्यांनी शहराच्या आधी वरचे पाणलोट क्षेत्र तपासले. ते 862 चौरस मैलांचे होते आणि त्यात 788 तलाव होते, म्हणजे जवळजवळ प्रत्येक मैलाला एक. त्यांपैकी 221 तलाव त्या पावसात फुटले होते. शमशाबादला 24 तासांत 12.8 इंच पाऊस पडला होता. वरचा तलाव फुटला की त्याचे पाणी खालच्या तलावावर आदळते आणि तोही जातो. लोकांच्या शेतीसाठी बांधलेल्या तलावांनीच पुराला जोर दिला होता.

मग धरण कुठे बांधायचे? फार वर, अनंतगिरीच्या डोंगराजवळ बांधले, तर धरणाच्या खाली पडणारा पाऊस मोकळाच शहरात येतो. अगदी शहराला खेटून बांधावे, तर पाणी साठवायला वस्तीचीच जमीन जाते. शिवाय मुसीला शहराच्या वरच्या अंगाला ईसी नदी मिळते. एकच नदी अडवली तर दुसरी मोकळी राहते. म्हणून विश्वेश्वरय्यांनी संगमाच्या वर दोन्ही नद्यांवर वेगवेगळी धरणे सुचवली. मुसीवर शहरापासून साडेआठ मैलांवर आणि ईसीवर साडेसहा मैलांवर. नुसत्या काठच्या भिंतींनी भागले नसते. पाणी शहरात शिरण्याआधी त्याला थांबायला जागा हवी होती.

महबूब अली खान 1911 मध्ये वारले. त्यांचे पुत्र मीर उस्मान अली खान यांच्या काळात मुसीवर उस्मानसागर (1920) आणि ईसीवर हिमायतसागर (1927) उभे राहिले. या कामांशी नवाब अली नवाज जंग या हैदराबादी अभियंत्याचे नाव जोडलेले आहे. मांजरा बीड जिल्ह्यात उगम पावते. तिच्यावरचा निझामसागरही त्यांच्याच काळातला. विश्वेश्वरय्यांचे नाव सगळ्यांना पाठ आहे, अली नवाज जंग यांचे आपल्या मुलांनाही माहीत नसते. दोघांची नावे एकत्र सांगितली पाहिजेत, कारण काम एकत्र झाले.

पण जागा एकदा बरोबर निवडली की काम संपले, असे नाही. हे तलाव पुढे शहराला पिण्याचे पाणीही पुरवू लागले. पिण्यासाठी तलाव भरलेला हवा, पूर अडवायला मात्र पावसाळ्यात त्यात रिकामी जागा हवी. दोन्ही गरजा सांभाळणे हे रोजचे काम आहे. दुसरे म्हणजे, धरण आपल्या वर पडलेले पाणीच अडवू शकते. ऑक्टोबर 2020 मध्ये गुर्रम चेरुवू हा तलाव फुटला आणि हाफिज बाबा नगरसारख्या वस्त्यांत पाणी शिरले. तो तलाव या दोन धरणांच्या पाणलोटात येतच नाही. शहर पसरले, तळ्यांच्या आणि नाल्यांच्या जागेवर घरे झाली. तिथे राहायला कोण जातो? ज्याला दुसरीकडे जागा परवडत नाही तो.

उस्मानसागर आणि हिमायतसागर यांच्या पाणलोटातील 84 गावांत बांधकामावर निर्बंध घालणारा आदेश 1996 मध्ये निघाला. 2022 मध्ये राज्य सरकारने ते निर्बंध उठवले. जमीनमालकांची तक्रार खोटी नव्हती, त्यांची जमीन अडकून पडली होती. पण त्यांना मोबदला देण्याचा मार्ग होता. पाण्याची जागा बांधकामाला मोकळी केली, तर त्याची किंमत खाली राहणाऱ्यांना मोजावी लागेल.

आपल्याकडे नदीकाठच्या मोहल्ल्यांत दर पावसाळ्यानंतर मदतीची पाकिटे वाटली जातात. ती वाटलीच पाहिजेत, तो सवाबही आहे. पण त्याबरोबर नगरपालिकेत जाऊन विकास आराखड्याचा नकाशा मागा. आपल्या वस्तीच्या वर किती तळी होती, त्यांतली किती उरली आहेत आणि त्यांच्या बांधाची शेवटची दुरुस्ती कधी झाली, एवढे तीन प्रश्न विचारा. विश्वेश्वरय्यांनीही सुरुवात तळी मोजण्यापासूनच केली होती.