हर्णे येथील दुर्गांचें बांधकाम आणि सरकारी कामाचे मक्ते

सुवर्णदुर्गाचें नांव निघालें कीं आपले इतिहासलेखक आंग्र्यांचें आरमार, १७५५ तील कमोडोर जेम्सची मोहीम आणि रामाजी महादेवाचा तिच्यांतील वांटा यांकडे धांव घेतात. तें योग्यच आहे. परंतु समुद्रांतील खडकावर ही भिंत ज्यांनीं उभी केली त्यांस सरकारांतून काम कसें मिळालें आणि केल्या कामाचा पैका त्यांच्या हातीं कोणत्या वाटेनें पडला, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. प्रस्तुत लेखांत त्याचा यथामति विचार करावयाचा आहे.

पहिला आधार शिवकालीनच आहे. १६७१-७२ सालीं किल्ल्यांच्या इमारतीकडे १,७५,००० होन लावून देण्याचें ठरलें, त्याची तपशीलवार याद प्रसिद्ध आहे. तींत रायगडास ५०,००० होन. सिंहगड, सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, प्रतापगड, पुरंदर व राजगड या सातांस प्रत्येकीं १०,०००. पुढील किल्ल्यांस पांच हजारांपासून उतरत एक हजारापर्यंत, आणि किरकोळ कामांस ७,००० होन आहेत. गॅझेटियरकार सुवर्णदुर्ग मूळचा विजापूरकरांचा मानून १६६० च्या सुमारास शिवछत्रपतींनीं तो बळकट केला असें सांगतो. या यादीवरून मात्र त्यानंतर दहा-बारा वर्षांनींही तेथें मोठें काम योजलेलें होतें हें निश्चित होतें. सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग व सिंधुदुर्ग या तीन जलदुर्गांची मिळून रक्कम ३०,००० होन, म्हणजे एकंदर नेमणुकीच्या सहाव्या हिश्शाहूनही किंचित् अधिक भरते.

येथें एक सावधगिरी राखली पाहिजे. ही याद नेमणुकीची आहे, खर्चाची नव्हे. हर्ण्यास दहा हजार होन पोंचले व खर्चीं पडले असें हिच्यावरून म्हणतां येत नाहीं. तरीसुद्धां प्रत्येक किल्ल्याच्या नांवें रक्कम अगोदर तोडून ठेविली ही गोष्ट कारागिराच्या दृष्टीनें मोठी आहे. ज्या कामास नेमणूक नाहीं त्या कामावरील गवंड्याचा रोजमुरा कारकुनाच्या मर्जीवर लोंबत राहतो, हा अनुभव सर्व राज्यांत आणि सर्व काळांत सारखाच.

हर्ण्याचें काम इतर ठिकाणांहून अवघड कां, हें जागा पाहिल्याशिवाय ध्यानांत येत नाहीं. सुवर्णदुर्गाच्या तटाचा पाया कित्येक ठिकाणीं मूळ खडकच तासून काढलेला आहे व त्यावर मोठमोठे घडीव चिरे बसविले आहेत. समोर किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड व गोवा हे तीन लहान कोट. कोंकणांत जांभा मुबलक. खाणींतून काढतांना तो मऊ असतो व वाऱ्यावर कठीण होतो, यामुळें किनाऱ्यावरचें बांधकाम थोड्या हत्यारांनिशीं करतां येतें. बेटावर मात्र जें काय बाहेरून न्यावयाचें तें होडींतून. पाथरवट, गवंडी, बेलदार, सुतार व लोहार यांच्या जोडीला शिंपले भाजून चुना करणारा लोणारी आणि माल वाहणारा नावाडी असे सातजण एकत्र जमावे तेव्हां तटाचा एक थर चढावा. शिवाय पावसाळ्याचे चार महिने समुद्र बंद. आठ महिन्यांच्या मजुरीवर बारा महिने काढणाऱ्या माणसास आगाऊ रक्कम मिळाल्यावांचून असें काम पत्करतांच येत नाहीं.

सरकारी काम देण्याच्या रीती आपल्या भाषेंतील शब्दांतच साठवलेल्या आहेत. सरकारनें स्वतः सामान पुरवून, हजेरी घेऊन, रोजमुऱ्यानें करविलेलें काम तें अमानी. ठरीव रकमेंत सगळें काम दुसऱ्याच्या अंगावर टाकणें तो मक्ता. एखादा बुरूज किंवा दरवाजा एकरकमी ठरवून देणें तें उक्तें. आणि मापून झालेल्या कामावर पैसे देणें तें गजावर. मक्तेदारानें कतबा लिहून द्यावा, जामीन द्यावा, आणि मग आगाऊ तसलमात उचलावी, असा क्रम. आतां पाहावें कीं अमानींत नासधुशीचा तोटा सरकारचा, मक्त्यांत तो मक्तेदाराचा. होडी बुडाली, चुना भिजला, तर तो त्याच्या पदरचा. अर्थात् मक्ता घेणारा गवंडी असण्यापेक्षां सावकाराच्या आश्रयाचा माणूस असण्याचा संभव अधिक, आणि खरा कारागीर त्याच्या हाताखालीं. लहान गवंड्यास झेपे तें उक्तें किंवा गजावरचें काम. वेठीची गोष्ट निराळी. तींत ठराव नाहीं आणि दामही नाहीं.

पैसा कोणत्या हातांतून जाई हेंही माहीत आहे. सभासदानें किल्ल्यावर हवालदार, सबनीस व सरनोबत यांचा कारभार वर्णिला आहे व सामानसुमानाकडे कारखानीस सांगितला आहे. हजेरी व हिशेब सबनिसाकडे, चुना, लोखंड व लांकूड कारखानिसाकडे. म्हणजे गवंड्याची गांठ निदान दोन दफ्तरांशीं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत आरमारासाठीं लांकूड घेतांना रयतेच्या आंब्या-फणसांस हात लावूं नये, झाड जीर्ण झालें असेल तर धन्यास राजी करून मोल देऊन घ्यावें, असा दंडक आहे. तो जहाजांच्या लांकडापुरता आहे खरा. पण सरकारी कामास लागणारा जिन्नस फुकट नसतो ही समजूत दरबारांत होती याचा तो उत्तम पुरावा होय.

१७५५ च्या एप्रिलांत जेम्सच्या तोफांनीं सुवर्णदुर्गांत दारूचा सांठा उडाला व किल्ला पेशव्यांच्या ताब्यांत आला. एवढ्या माऱ्यानंतर डागडुजी करावी लागली असणार, हें सांगावयास नको. दुसरे बाजीराव १८०२ त पुण्याहून निघून वसईस जाण्यापूर्वीं याच किल्ल्याच्या आश्रयास आले होते.

इंग्रजी अमलांत दापोलीस छावणी पडली. सरकारी बांधकाम प्रथम मिलिटरी बोर्डाकडे होतें; तें १८५४-५५ च्या सुमारास स्वतंत्र पब्लिक वर्क्स खात्याकडे गेलें. कतब्याच्या जागीं टेंडर, जामिनाच्या जागीं अनामत आणि गजाच्या जागीं मेजरमेंट बुक आलें. या खात्याची आंतली बाजू मराठींत मांडणारा साक्षीदार म्हणजे जोतीराव फुले. त्यांनीं स्वतः सरकारी बांधकामाचे मक्ते घेतले होते, आणि इंजिनीअर खात्यांतील कारभारावर त्यांनीं केलेली टीका ऐकीव नव्हे, हें विसरतां कामा नये.

सुवर्णदुर्ग आज केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखालीं आहे, व २०२५ च्या जुलैंत युनेस्कोनें जागतिक वारसा ठरविलेल्या मराठ्यांच्या बारा दुर्गांत तो आहे. केंद्राच्या २०१७ च्या वित्तीय नियमांत निविदेबरोबर अंदाजी रकमेच्या २ ते ५ टक्के अनामत सांगितली आहे. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीं २०१२ सालीं खरेदीचें धोरण निघालें, पण तें जिन्नस व सेवा यांपुरतें. बांधकामाचे मक्ते त्यांत येत नाहींत. म्हणजे थोड्या भांडवलाच्या गवंड्यापुढील जुनी अडचण नव्या कागदावर तशीच उतरली आहे.

राहतां राहिला कागदांचा प्रश्न. सरदेसाई यांनीं पेशवे दफ्तरांतून ४५ खंड निवडले, ते बहुतेक राजकारणाच्या सोयीनें. आणि ते योग्यही होतें, कारण निवड कोठें तरी करावीच लागते. त्यामुळें इमारतीच्या यादी, हजेरीचे बंद व चुन्याचे हिशेब बव्हंशीं रुमालांतच राहिले. खाजगी संग्रहांत तर असे कागद शिक्क्याचें पत्र नाहीं म्हणून टाकाऊ ठरतात. हर्णे, अंजर्लें, मुरूड व दापोली या टापूंतील ज्या संग्राहकांकडे किंवा खोतांच्या घरीं असे मोडी बंद असतील त्यांनीं ते सुटे करूं नयेत. बांधलेला क्रम हाच पुष्कळदां तारखेचा एकमेव पुरावा असतो. नक्कल करतांना पाठीवरील शेरा आणि रुजूची खूणही उतरून घ्यावी, कारण पैसा खरोखर पोंचला कीं नाहीं तें तेथेंच कळतें.