#थ्रेड : शिवनेरीच्या कड्यावरील शिंदळ माकुडी

१/ बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजा हे जिजाऊंचे जन्मस्थान, तर जुन्नरजवळील शिवनेरी हे शिवरायांचे. एकाचे दर्शन घेतलेल्या इतिहासप्रेमीला दुसऱ्याची ओढ लागतेच. शिवनेरीवर आपण शिवाईचे मंदिर पाहतो, गंगा-जमुना टाकी पाहतो. त्याच गडाच्या कड्यांवर, खडकांच्या भेगांत, आणखी एक वारसा जगतो आहे. आजचा विषय तोच.

२/ त्याचे नाव शिंदळ माकुडी. ही मांसल खोडाची लहानशी वनस्पती महाराष्ट्रातील मोजक्या ठिकाणीच नैसर्गिकरीत्या आढळते, राज्याबाहेर नाही. पावसाळ्यात तिला पाने फुटतात. पावसाळा सरता सरता ताऱ्याच्या आकाराची, गडद तांबडी, पिवळसर नक्षीची फुले येतात. उन्हाळ्यात पाने गळून केवळ खोड उरते. शिवजयंतीच्या गर्दीत ती समोर असली, तरी ओळखू येणे कठीण!

३/ शास्त्रीय जगाला तिची ओळख करून दिली निकोल अलेक्झांडर डॅल्झेल यांनी. मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक अलेक्झांडर गिब्सन यांच्यासह त्यांनी १८६१ मध्ये ‘बॉम्बे फ्लोरा’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला होता. पुढे या वनस्पतीसाठी त्यांनी नवी प्रजातीच स्थापन केली आणि तिला तत्कालीन गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर (कार्यकाळ १८६२-६७) यांचे नाव दिले : फ्रेरिया इंडिका.

४/ आता नावाची गंमत पाहा. आधुनिक वर्गीकरणात ही वनस्पती बुसेरोसिया या प्रजातीत गेली आणि तिचे नाव झाले बुसेरोसिया फ्रेरेई. गव्हर्नरसाहेब टिकले, ‘इंडिका’ गळाले! डोंगरातल्या लोकांच्या तोंडी मात्र ती शिंदळ माकुडीच राहिली.

५/ पण दुर्मीळ वनस्पतीचा ठावठिकाणा जगाला कळला की पुढे काय होते? याचे उत्तर दक्षिणेत, अगस्त्यमलाईच्या डोंगरांत मिळते. तेथे १८६५ मध्ये हेबर ड्रुरी या लष्करी अधिकाऱ्याला एक पिवळे स्लिपर ऑर्किड आढळले. स्लिपर ऑर्किडच्या फुलाची एक पाकळी चढावाच्या पुढच्या भागासारखी पोकळ असते. तीत शिरलेल्या कीटकाला परागकण अंगावर घेऊनच बाहेर पडावे लागते.

६/ १८७४ मध्ये बेडोम यांनी त्याला ड्रुरींचे नाव दिले. आज ते पॅफिओपेडिलम ड्रुरी म्हणून ओळखले जाते. पुढे कित्येक दशके ते कोणाला दिसले नाही. १९७२ च्या सुमारास ते पुन्हा सापडले आणि अभ्यासकांना आनंद झाला. पाठोपाठ व्यापारासाठी रोपे उपटणारे हातही तेथे पोहोचले आणि थोड्याच काळात रानातील ती वस्ती जवळजवळ नामशेष झाली. हरवलेले असताना जे तगले, ते सापडल्यावर संकटात आले.

७/ कायदा मागाहून आला. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ चा. त्यात वनस्पतींसाठी स्वतंत्र प्रकरण आले ते १९९१ च्या दुरुस्तीने. सहा नोंदींची अनुसूची झाली आणि त्यांतील एक नोंद स्लिपर ऑर्किडची होती. ती रानातून उपटण्यास बंदी आली, लागवडीसाठीही परवाना सक्तीचा झाला. शिंदळ माकुडी मात्र त्या सहांत नव्हती.

८/ मग अशी झाडे कोणी वाढवूच नयेत काय? तसे नाही. ऑर्किडचे बी धुळीसारखे बारीक असते, त्यात अन्नाचा साठा जवळपास नसतोच. निसर्गात बुरशीच्या साहाय्यानेच ते रुजते. १९२२ मध्ये लुईस नुडसन यांनी साखरयुक्त माध्यमावर, बुरशीविना, ते रुजवून दाखवले. तेव्हापासून रान न लुटताही ऑर्किड वाढवता येतात. वन्य प्रजातींच्या व्यापारावरील ‘साइट्स’ हा आंतरराष्ट्रीय करारही रानातून आणलेले रोप आणि प्रयोगशाळेतील कुपीत वाढवलेले रोप यांत भेद करतो.

९/ शिंदळ माकुडी तर फांदीपासूनही सहज वाढते. म्हणूनच काही जण म्हणतात, “मी नेले म्हणून निदान माझ्या कुंडीत तरी वाचेल.” हा युक्तिवाद तपासून पाहू. एकाच फांदीपासून केलेल्या हजार कुंड्या म्हणजे जनुकीयदृष्ट्या एकच झाड हजार वेळा. कड्यावरची वस्ती निरनिराळ्या झाडांची असते. तेथे परागीभवन होते, बी धरते, नवी पिढी जन्मते. कुंडीत झाड वाचेल; वस्ती वाचेलच असे नाही.

१०/ “डॅल्झेलनेही नमुने नेलेच की!” हा आक्षेपही रास्त आहे. अभ्यासक नमुना घेतो तेव्हा स्थळ आणि काळ यांची नोंद मागे ठेवतो. तो नमुना पुढच्या पिढ्यांचा पुरावा ठरतो. हौसेने उपटलेल्या रोपाची नोंद कोठेच राहत नाही. शिवाय आज ओळख पटवायला बहुधा छायाचित्र पुरते.

११/ म्हणून रोप हवे असेल, तर ते कोठून आले हे विक्रेत्याला विचारा. ‘रानातले अस्सल’ असे उत्तर आले, तर घेऊ नका. आपल्या बुलढाण्यातील ज्ञानगंगा आणि अंबाबरवा या अभयारण्यांतून तर परवानगीविना कोणतीही वनस्पती नेणे हा गुन्हाच आहे.

१२/ गडावरचा कोरीव दगड कोणी घरी नेला तर आपल्याला संताप येतो. त्याच गडाच्या कड्यावरील झाडालाही तोच न्याय लावू या. हा थ्रेड अवश्य पुढे पाठवा. शिंदळ माकुडी दिसलीच, तर छायाचित्रही टाका. फक्त तिची नेमकी जागा तेवढी कोणाला सांगू नका.