‘ॲस्टर’ : एका नामाचा इतिहास

अपरिचित रानफुलाची ओळख पटविणे म्हणजे त्याचे नाव शोधून काढणे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. तथापि नाव आणि ओळख यांचा संबंध वाटतो तितका सरळ नाही. ‘ॲस्टर’ या नामाचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक ठरतो.

ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ ‘तारा’ असा आहे. वैदिक ‘स्तृ’ व फारसी ‘सितारा’ हे त्याचेच सगोत्र होत. लिनीयसने १७५३ मध्ये युरोप, आशिया व उत्तर अमेरिका येथील अनेक वनस्पतींना या एकाच प्रजातीत स्थान दिले. परंतु ताराकृती हे सूर्यफूल-कुलातील असंख्य वनस्पतींचे सामान्य लक्षण होय. आपण ज्यास फूल म्हणतो तो वस्तुतः बिंबपुष्पके व किरणपुष्पके यांचा स्तबक असतो. म्हणून अभ्यासकास स्तबकाच्या खाली पाहावे लागते. एरिजेरॉनची छदे बहुधा एक-दोन ओळींत व जवळजवळ समान असतात. ॲस्टरसदृश वनस्पतींत ती पुष्कळदा कमीअधिक लांबीची, कौलांप्रमाणे एकावर एक रचलेली आढळतात.

अशाच सूक्ष्म लक्षणांच्या आधारे कासिनी व नेस फॉन एझेनबेक यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अनेक नव्या प्रजाती स्थापिल्या. असा ग्रे याने मात्र १८८४ मध्ये ‘ॲस्टर’चा व्यापक अर्थच कायम ठेवला. पुढे १९९४ मध्ये गाय नेसम याने यूरिबिया, सिंफियोट्रायकम इत्यादी जुनी नामे पुनरुज्जीवित केली. युरोपातील ‘ॲस्टर अमेलस’ मूळ प्रजातीत राहिले. अमेरिकेतील ‘नोव्ही-अँग्लिई’ मात्र सिंफियोट्रायकममध्ये गेले. फूल तेच राहिले, नाव पालटले.

महाराष्ट्रातील फुलबाजारात ‘ॲस्टर’ म्हणून विकले जाणारे फूल याचेच उदाहरण होय. ते मूळचे चीनमधील. लिनीयसने त्यास ‘ॲस्टर चायनेन्सिस’ म्हटले होते. कासिनीने १८२५ मध्ये त्याकरिता ‘कॅलिस्टेफस’ ही स्वतंत्र प्रजाती निर्माण केली. शास्त्राने सोडलेले नाव बाजाराने जपले. त्यास अज्ञान म्हणणे अन्यायाचे होईल. बोलीतील शब्द हा शास्त्राच्या एका पूर्वावस्थेचा पुरावाच आहे.

यावरून निष्पन्न होणारा नियम असा की, जुन्या वनस्पतिग्रंथात किंवा शुष्क-वनस्पतिसंग्रहाच्या चिठ्ठीवर ‘ॲस्टर’ हा शब्द आढळल्यास प्रथम त्याचे वर्ष पाहावे. कालनिर्देशावाचून त्या नामाचा अर्थ निश्चित होत नाही, आणि अर्थ निश्चित झाल्यावाचून फुलाची ओळखही पटत नाही.