जाळीवर जाळी

पनवेल तालुक्यातल्या नव्या विमानतळावरून 25 डिसेंबर 2025पासून प्रवासी विमानं ये-जा करू लागली. उतरणाऱ्या विमानाकडे मान वर करून पाहिलं तर पंख सुटा सुटा होताना दिसतो. पुढच्या कडेची पट्टी सरकते, मागचे फ्लॅप खाली येतात, पोटातून चाकं बाहेर पडतात. या अवस्थेतल्या पंखाभोवती हवा कशी वाहते याचं गणित मोठं जिकिरीचं. त्यासाठी सभोवतालच्या जागेचे लाखो बारीक घरांत तुकडे पाडतात. त्यालाच ग्रिड किंवा जाळी म्हणतात. गुळगुळीत पंखाभोवती ती नीट बसते. पण फ्लॅप सरकून फट पडली की घरं पिचतात, तिरकी होतात आणि गणित कोलमडतं.

मग एकाच जाळीचा हट्ट कशाला? प्रत्येक भागाला आपापली जाळी द्यावी, आणि त्या खुशाल एकमेकींवर चढू द्याव्यात.

या युक्तीचा मूळपुरुष विमानाच्याही आधीचा. गणितज्ञ रीमानने ज्या तत्त्वावर भिस्त ठेवली होती त्यातली उणीव वायरश्ट्रास या दुसऱ्या गणितज्ञाने दाखवून दिली होती. ती भरून काढण्यासाठी हेर्मान श्वार्ट्स या जर्मन गणितज्ञाने 1870 साली एक वर्तुळ आणि त्यात घुसलेला एक आयत घेतला. आधी वर्तुळापुरतं समीकरण सोडवायचं. आयताची जी कड वर्तुळात येते तिच्यावरचं उत्तर आयताला द्यायचं, आयत सोडवायचा आणि त्याचं उत्तर पुन्हा वर्तुळाला. ही देवघेव चालू ठेवली की दोघांचं जुळत जातं, हे त्याने सिद्ध केलं. हवा, पाणी, यंत्र यांचा इथे संबंधच नव्हता.

पुढे सोव्हिएत रशियात व्होल्कोव्ह यांनी आणि 1977मध्ये स्टारियस यांनी याच वाटेने आकडेमोड केली. विमानवाल्यांपर्यंत ही युक्ती नीट पोचली 1983मध्ये. जोसेफ स्टेगर, कॅरल डोहर्टी आणि जॉन बेनेक यांनी तिचं नाव ठेवलं ‘कायमेरा’ : सिंह, बकरी आणि साप मिळून झालेला ग्रीक प्राणी. आपल्या गडांच्या दरवाजांवरच्या शरभाचा दूरचा भाऊबंदच म्हणा. बेनेक टेनेसीतल्या अमेरिकी हवाईदलाच्या चाचणी केंद्रात होते. पंखाखालून सुटणारी टाकी किंवा बॉम्ब विमानावरच आदळणार नाही ना, हा तिथला रोजचा प्रश्न. टाकी हलली की तिची जाळी तिच्यासकट हलते, दर क्षणाला नवी विणावी लागत नाही. माझ्या मते या पद्धतीचं खरं सामर्थ्य इथेच आहे.

किंमत मात्र मोजावी लागते. एका जाळीची जी घरं दुसऱ्या वस्तूच्या पोटात पडतात ती आधी कापून भोक पाडायचं. भोकाच्या कडेची घरं आपले आकडे दुसऱ्या जाळीतल्या ‘डोनर’ घरांकडून उसने घेतात. ज्याला डोनर सापडत नाही तो बिंदू ‘ऑर्फन’. हे अनाथ बिंदू मार्गी लावताना माणसं मेटाकुटीला येतात. शिवाय उसनवारीत वस्तुमानाचा हिशेब किंचित चुकतो, तो वेगळाच.

आपल्या ओळखीचं एक नावही या कुळात आहे. अंतराळवीर होण्याआधी कल्पना चावला नासाच्या एम्स केंद्रात जमिनीलगतच्या हॅरियर विमानाभोवतीचे प्रवाह संगणकावर सोडवत होत्या. 1993मध्ये त्या कॅलिफोर्नियातल्या एका कंपनीत उपाध्यक्ष म्हणून गेल्या. कंपनीचं नावच ‘ओव्हरसेट मेथड्स’, म्हणजे चढत्या जाळ्यांच्या पद्धती. 2003च्या जानेवारीत त्यांना घेऊन कोलंबिया यान झेपावल्यानंतर सुमारे 82 सेकंदांनी फोमचा तुकडा त्याच्या डाव्या पंखावर आदळला. 1 फेब्रुवारीला यान कोसळलं. चौकशीत यानाभोवतीचा प्रवाह मांडायला नासाने जी ओव्हरफ्लो प्रणाली वापरली, ती याच एकमेकींवर चढलेल्या जाळ्यांवर चालते.

मराठी धागा दुसऱ्या घराण्यातून येतो. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून आणि मुंबईच्या आयआयटीतून लंडनला गेलेल्या सुहास पाटणकरांनी 1972मध्ये ब्रायन स्पॉल्डिंगसोबत दाब आणि वेग यांचा मेळ घालणारी ‘सिंपल’ पद्धत मांडली. ओपनफोम या मोफत प्रणालीच्या एका शाखेत 2017पासून चढत्या जाळ्यांची सोय आहे, आणि तिच्यातल्या एका प्रोग्रॅमचं नाव ‘ओव्हरसिंपलफोम’. श्वार्ट्सचं घराणं आणि पाटणकरांचं घराणं तिथे एकत्र नांदतात. पवईच्या आयआयटीतला ‘फॉसी’ प्रकल्प ओपनफोमचा प्रसारही करतो. त्यामुळे पनवेलच्या एखाद्या इंजिनिअरिंगच्या पोराला पंख आणि फ्लॅप यांचा सपाट छेद आपल्या लॅपटॉपवर सोडवून बघता येईल. चाकांसकट अख्खं विमान मात्र त्या लॅपटॉपला झेपायचं नाही.